पुढाऱ्यांची माहेरची नावं

माझ्या स्वयंपाकघरात पत्र्याची एक बिस्किटांची पेटी आहे. तिच्यात वर्षानुवर्षं हळदीकुंकवाची कार्डं असत: कोण आलं, कोणाला कोणतं वाण दिलं, कोणाला मागच्या संक्रांतीला चहाची गाळणी दिली म्हणून यंदा देऊ नये. २००७ च्या मार्चमध्ये ती कार्डं मी पाकिटात घालून कपाटात टाकली आणि पेटीत लेबनॉनमधल्या एका शिया चळवळीचे पुढारी भरायला घेतले. काम संपलं तेव्हा एकशे बारा भरले होते. आजवर मी केलेल्या याद्यांत हीच सगळ्यांत उत्तम, असं मी अजूनही म्हणते.

नावं मी कोणाचीच देणार नाही. या प्रकरणात नावांनी आधीच पुरेसा घोळ घातलेला आहे.

आम्ही तेव्हा लंडनमध्ये ईलिंगला राहत होतो. भिंतीला भिंत लागलेल्या घरांची रांग, मागे चिंचोळ्या बागा, मधे कमरेएवढं लाकडी कुंपण. कुंपणापलीकडे प्रोफेसर आणि त्यांची पत्नी. दोघंही दक्षिण लेबनॉनचे, शिया, ऐंशीच्या दशकात इकडे आलेले. प्रोफेसर युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणायचे. अर्थ सांगितल्यावर तिला तो शब्द इतका आवडला की फोनवरही ती ‘वहिनी बोलतेय’ असं मराठीत सांगायची. बाकी आमचं सगळं बोलणं इंग्रजीत.

माझे यजमान भूलतज्ज्ञ. मी सकाळच्या वेळी एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काम करायचे. फायली शोधणं, लावणं, एका रुग्णाच्या फायलीत शिरलेले दुसऱ्याचे कागद बाहेर काढणं. तिथे आमचा एक नियम होता: तीन गोष्टी जुळल्याशिवाय कागद फायलीत लावायचा नाही. नुसतं नाव चालत नाही. नाव आणि जन्मतारीखही पुरत नाही. एकाच नावाच्या, एकाच दिवशी जन्मलेल्या दोन बायका मी स्वतः पाहिल्या आहेत. एकीला मधुमेह होता, दुसरीला नव्हता.

तर मार्चमधल्या एका शनिवारी मी कपडे वाळत घालत होते आणि प्रोफेसर कुंपणापाशी गुलाबाच्या फांद्यांवर राग काढत होते.

“काय झालं?” मी विचारलं.

“पुस्तक संपलं.”

“मग अभिनंदन!”

“सूची राहिली. प्रकाशकाला शेवटी नावांची सूची पाहिजे, मेअखेर. कोणता माणूस कोणत्या पानावर. शंभराच्या वर माणसं आहेत आणि हरामखोरांना प्रत्येकी तीन-तीन नावं आहेत.”

“कार्डं केलीत का?”

“कसली कार्डं?”

मी हातातला चिमटा दोरीला लावला. “उद्या दुपारी दोन वाजता येते. पानं सुटी ठेवा, बांधू नका. आणि टेबल रिकामं करा.”

पुस्तक कशाबद्दल होतं ते सांगायला हवं. आदल्या उन्हाळ्यात लेबनॉनमध्ये महिनाभर लढाई झाली होती आणि त्या चळवळीचा काळ्या पगडीतला प्रमुख रोज संध्याकाळी आमच्याही टीव्हीवर दिसत होता. प्रोफेसरांना तो एकटा नको होता. त्यांना त्याच्या आधीचे, त्याच्या हाताखालचे, लोक विसरून गेलेले हवे होते. कोणी मौलवी, कोणी गावातला शाळामास्तर, कोणी इंजिनिअर, कोणी तंबाखू पिकवणाऱ्याचा मुलगा. त्यांतले काही निवडून येऊन संसदेत बसले, काहींनी दवाखाने काढले, शाळा बांधल्या. त्यांतल्याच काहींनी माणसं पळवली, कोंडून ठेवली, मारली. बरेचसे स्वतःही मारले गेले. प्रोफेसर म्हणायचे, “दवाखान्यांबद्दल लिहिलं की अर्धे लोक मला शिव्या देणार, तळघरांबद्दल लिहिलं की उरलेले अर्धे. दोन्हीकडून आल्या की समजायचं, पुस्तक जमलं.”

पहिल्याच आठवड्यात मी घोडचूक केली. पुण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सय्यदांचं सायकलचं दुकान होतं आणि मला गणित शिकवायला शेख सर होते. तेव्हा मी आडनावाप्रमाणे कार्डं लावून मोकळी झाले: सय्यद एकोणीस, शेख तेवीस. प्रोफेसरांनी पेटी उघडली आणि ते इतक्या मोठ्याने हसले की वहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आली.

“सेक्रेटरीबाई, तुम्ही एका दुपारीत अर्ध्या चळवळीची दोन कुटुंबं करून टाकलीत!”

“म्हणजे सय्यद हे आडनाव नाही?”

“सय्यद म्हणजे पैगंबरांच्या वंशातला. तो काळी पगडी बांधतो. शेख म्हणजे शिकलेला धर्मपंडित, पण त्या वंशातला नव्हे. पांढरी पगडी. आडनाव दोघांचंही निराळंच.”

“हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“तुम्ही विचारलंत कुठे? ‘टेबल रिकामं करा’ एवढंच म्हणालात.”

बेचाळीस कार्डं पुन्हा लिहिली. चूक झाली की मी खोडत नाही, नवीन कार्ड करते. जुनं जपून ठेवते.

खरी अडचण पुढेच होती. यांतल्या बहुतेकांना जन्माचं एक नाव आणि चळवळीत गेल्यावरचं दुसरं. हे दुसरं साधारण ‘अमक्याचा बाप’ अशा धर्तीचं. एकाच पानावर एकच माणूस दोन नावांनी यायचा आणि मी दोन माणसं मोजायचे. प्रोफेसर तासभर समजावत होते: टोपणनाव, लढाईतलं नाव, लपण्यासाठी घेतलेलं नाव. मी म्हटलं, “थांबा. हे मला माहीत आहे.”

आणि मला ते खरंच माहीत होतं. माझ्या लग्नात यजमानांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. त्या दिवसापर्यंत मी एक होते, त्या दिवसापासून दुसरी. शाळेच्या दाखल्यावर एक बाई आहे, पासपोर्टवर दुसरी, आणि या दोघी एकच असं सांगणारं प्रतिज्ञापत्र मी या देशात आल्यापासून बरोबर बाळगते आहे. तेव्हा मी कार्डांचा नवा गठ्ठा आणला आणि प्रत्येकावर पट्टीने रकाने आखले. माहेरचं नाव. वडिलांचं नाव. गाव. सासरचं नाव. ते कोणी ठेवलं. मग हुद्दा, काय केलं, आणि पानं.

रकाने मराठीत होते. प्रोफेसरांनी अर्थ विचारला, मी सांगितला. डोळे पुसत ते म्हणाले, “या सेनापतींना कळलं की लंडनमध्ये एका बाईने त्यांची माहेरं लिहून ठेवली आहेत, तर काय वाटेल!”

“वाटू दे. घर सोडून गेले आणि नाव बदललं. आमच्यात याला सासरच म्हणतात.”

मग आमच्यात तीच भाषा रूढ झाली.

“हा सासरी कधी गेला?”

“ब्याऐंशीत. सतरा वर्षांचा होता.”

“फारच लवकर दिला हो.”

घरी एवढी मजा वाटत नव्हती. यजमान एकदा बिस्किट शोधायला पेटीत हात घालून बसले आणि त्यांच्या हाताला रॉकेटं डागणाऱ्या तुकडीचा प्रमुख लागला. “अगं, ऑगस्टमध्ये आपण पुण्याला चाललोय. विमानतळावर मला बाजूला घेतलं तर काय सांगू? बायको सूची करते?”

“तेच सांगा. खरंच आहे.”

इल्फर्डची मैत्रीण फोनवर म्हणाली, “गेल्या संक्रांतीला तू मला डबा दिलास की गाळणी, हे आता कोणाला विचारायचं? तुझ्या पेटीत तर दाढीवाले बसलेत!”

“तुला डबा. गाळणी आदल्या वर्षी.”

“पाठ आहे तुझं?”

“पाठ आहे म्हणूनच कार्डं बाहेर काढली.”

“जप हो बाई. पोलीस आले तर माझं नाव सांगू नकोस.”

“माहेरचं की सासरचं?” तिने फोन आपटला. मग पुन्हा केला, बटाटेवड्यांचं विचारायचं राहिलं होतं म्हणून.

एप्रिलच्या मध्यावर एक्केचाळीस नंबर आला.

चाळीसपर्यंत प्रोफेसर सांगायचे आणि मी लिहायचे. एक्केचाळिसाव्याला त्यांनी कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं. “हे मी भरतो.” ऐंशीच्या दशकातल्या एका सशस्त्र तुकडीचा म्होरक्या. माहेरचं नाव, गाव आणि सासरचं नाव त्यांनी लिहिलं. वडिलांचं नाव रिकामं ठेवलं. कार्ड पेटीत टाकून ते चहा करायला गेले आणि स्वतःच्या कपात साखर घालायला विसरले. तीन चमचे घेणारे गृहस्थ.

गावाचं नाव मी ओळखलं. ते वहिनीचं गाव होतं.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीकडे कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली निवडायला बसले. मी काही विचारलं नाही, तिनेच सांगितलं. एक्केचाळीस नंबर म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ग्लासगोत दातांचा डॉक्टर आहे. झालं होतं असं: प्रोफेसरांचा बेरूतमधला एक मित्र, भूगोलाचा साधा शिक्षक, त्याला त्या म्होरक्याच्या माणसांनी उचलून नेलं आणि पाच महिने तळघरात कोंडलं. सुटून आल्यावर मित्राने म्होरक्याचं नाव, आडनाव आणि गाव सांगितलं. तिन्ही तिच्या भावाची. पुढे थोड्याच दिवसांत तो म्होरक्या एकाएकी दिसेनासा झाला आणि त्याच सुमारास भाऊ ग्लासगोत येऊन उतरला. प्रोफेसरांनी त्याला फोन करून विचारलं, तो तूच का? भाऊ म्हणाला, “मी नव्हे.” “मग कोण?” यावर त्याने तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून वीस वर्षं दोघं बोलले नव्हते. प्रोफेसर लायब्ररीत गेले की वहिनी भावाला फोन करायची. भेटली मात्र एकदाही नव्हती.

“आणि हे पुस्तकात येणार?”

“सातव्या प्रकरणात. पूर्ण नाव, आणि आता ग्लासगोत असतो हेही.” तिने देठं एका बाजूला सारली. “छापलं की त्याचा दवाखाना बंद होणार. आणि मी या घरात राहू शकणार नाही. हे मी यांना सांगितलेलं नाही.”

“का नाही? सांगा ना!”

“सांगितलं तर कदाचित ते लिहायचं थांबवतील. माझ्यासाठी खरं लपवलं, हे त्यांना आयुष्यभर खात राहील. तुला वाटतं तो होता?”

मला काय वाटतं ते मी सांगितलं नाही. नाव, आडनाव, गाव. माझ्याच नियमाप्रमाणे तीन गोष्टी जुळत होत्या. मी पार्सली धुतली आणि घरी आले. मेअखेरीला सहा आठवडे होते.

पण कार्ड अर्धवट होतं आणि अर्धवट कार्ड मला सहन होत नाही. पुढच्या खेपेला मी प्रोफेसरांना म्हटलं, “वडिलांच्या नावाशिवाय कार्ड पेटीत जात नाही.”

“ते माझे सासरे होते. देवमाणूस. त्यांचं नाव मला त्या कार्डावर नको.”

“मग मी लिहिते,” असं म्हणून मी वहिनीला विचारून ते लिहून टाकलं. ‘सासरचं नाव कोणी ठेवलं’ हा रकाना तेवढा राहिला. हा रकाना मी हौसेने आखला होता आणि तो कुठेच नीट भरत नव्हता, म्हणून त्या दिवशी सरळ विचारलं, “प्रोफेसर, ही ‘अमक्याचा बाप’वाली नावं ठेवतं कोण?”

“कोणी ठेवत नाही. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव देतात. तेव्हा माणसाला मूल होण्याआधीच सगळ्यांना माहीत असतं, मुलाचं नाव काय असणार. लग्नसुद्धा झालेलं नसतं आणि मित्र ‘अमक्याचा बाप’ म्हणून हाका मारायला लागतात.”

“म्हणजे तो अमका म्हणजे त्याचे स्वतःचे वडील?”

“साधारण. काही जण एखाद्या इमामाचं नाव घेतात, मानाचं म्हणून.”

मला एवढंच पाहिजे होतं. घरी येऊन मी एकूण एक कार्डं जेवणाच्या टेबलावर मांडली आणि हिरवी पेन्सिल घेतली. वडिलांचं नाव आणि सासरच्या नावातलं नाव एकच असेल तर हिरवी खूण. इमामाचं असेल तर ठिपका. खुणा पडत गेल्या. जिथे वडिलांचं नाव माहीत होतं तिथे जवळजवळ प्रत्येक कार्डावर खूण किंवा ठिपका पडला. एक्केचाळीसला पडेना. वहिनीच्या वडिलांचं नाव एक, सासरच्या नावातलं नाव दुसरंच. आणि ते इमामाचंही नव्हतं. वहिनी पुढे मला म्हणाली, फार जुनं, गावंढळ नाव होतं ते. आपल्याकडे धोंडू असावं तसं. असं नाव मानाचं म्हणून कोणी घेत नाही.

कार्ड घेऊन मी तशीच शेजारी गेले. प्रोफेसर लायब्ररीत होते. वहिनी इस्त्री करत होती.

“वहिनी, दोन प्रश्न. हे नाव तुमच्या घरात कोणाचं आहे?”

तिने सासरच्या रकान्यातलं, मी बोट ठेवलेलं नाव वाचलं. पुस्तकाचं एकही पान तिने कधी वाचलं नव्हतं, वाचायचं नाही असं ठरवलं होतं. त्यामुळे म्होरक्याचं हे नाव ती पहिल्यांदाच पाहत होती. “माझ्या काकांचं,” ती म्हणाली.

“काकांना मुलगा आहे?”

“आहे ना. कधीपासून आफ्रिकेत असतो. दुकान आहे त्याचं.”

“त्याचं नाव?”

“हा तिसरा प्रश्न झाला.” ती हसली. मग तिने नाव सांगितलं आणि सांगता सांगताच इस्त्री उभी करून ठेवली. ते तिच्या भावाचंच नाव होतं. दोन भावांनी आपापल्या पहिल्या मुलाला आजोबांचं नाव दिलेलं. “आम्ही घरात मोठा आणि छोटा म्हणायचो,” ती हळूच म्हणाली.

माझ्या माहेरीही अगदी असेच दोन चुलतभाऊ आहेत. एकाची पत्रं दुसऱ्याकडे जातात. आणि तेव्हा मला माझा गाढवपणा कळला. नाव, आडनाव, गाव या तीन गोष्टी मी मोजल्या होत्या. पण आडनाव आणि गाव या दोन नव्हेतच. एका घरातल्या दोन मुलांची ती सारखीच असणार. तिसरी गोष्ट कोणी तपासलीच नव्हती.

प्रोफेसर आले तेव्हा आम्ही दोघी टेबलाशी बसलो होतो आणि कार्ड मधोमध होतं. त्यांनी ते वाचलं.

“म्हणून काय? लढाईतली नावं दिशाभूल करायलाच घेतात.”

“मग बाकीच्यांनी का नाही केली? पेटी आणलीय मी. हिरव्या खुणा बघा.”

“यादी म्हणजे पुरावा नव्हे, सेक्रेटरीबाई.”

“एकदम मान्य. मग पुरावा मागवा. अजून पाच आठवडे आहेत.”

“आणि माझा मित्र? पाच महिने अंधारात काढलेला माणूस खोटं बोलला?”

“एक अक्षरही खोटं बोलला नाही. त्याने नाव बरोबर सांगितलं. त्या नावाचे घरात दोघे आहेत. आमच्या विभागात हा कागद मी कोणाला फायलीला लावू दिला नसता.”

ते उठून उभे राहिले. तेव्हा वहिनी अरबीत एकच वाक्य बोलली आणि ते पुन्हा बसले. नंतर तिने मला त्याचा अर्थ सांगितला: “वीस वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या भावाला दोन प्रश्न विचारलेत आणि थांबलात. हिने तिसरा विचारला.”

बेरूतला प्रोफेसरांची एक जुनी विद्यार्थिनी होती. तिला ईमेल गेली: वहिनीच्या गावी जा, त्या नावाच्या माणसाची काही खूण सापडते का बघ. मग आम्ही थांबलो. थांबायच्या काळात मी नव्वद ते एकशे बारा ही कार्डं पुरी केली. प्रोफेसर साखर घालायला रोज विसरत होते, म्हणून ती मी घालायला लागले.

अकराव्या दिवशी फोटो आला. त्यांच्या प्रिंटरमधून तो वरून खाली, ओळ ओळ करत बाहेर आला: आकाश, मग एक भिंत, मग शेजारी शेजारी थडग्यांचे दोन नवे कोरे दगड. एक वहिनीच्या काकूचा. काकू त्याच हिवाळ्यात वारली होती. दुसऱ्या दगडावरची अक्षरं प्रोफेसरांनी बोट ठेवून वाचली. नाव. अमक्याचा मुलगा, म्हणजे काकांचा. खाली बारीक अक्षरांत ते सासरचं नाव. आणि मृत्यूचा महिना, ज्या महिन्यानंतर पुस्तकात एक्केचाळीस नंबर कुठेच येत नव्हता.

“तो मेला होता,” प्रोफेसर म्हणाले. “तो मेला होता, आणि मी त्याला ग्लासगोत शोधत होतो.” मग वहिनीला म्हणाले, “नंबर दे.”

रविवार होता, दुपारचे तीन. फोन अरबीत झाला, मला त्यातलं काही कळलं नाही, पण प्रोफेसर एकच शब्द पाच वेळा म्हणाले, ते मी मोजलं. वहिनी माझा दंड इतका घट्ट धरून होती की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता. “काय म्हणतायत?” मी विचारलं. “माफ कर म्हणतायत,” ती म्हणाली. मग पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला आणि प्रोफेसर ऐकत राहिले. फोन ठेवून त्यांनी सांगितलं, तेव्हा आम्हाला सगळं कळलं.

मोठा, म्हणजे काकूचा मुलगा, चळवळीत गेलाय हे काकूला कोणी सांगितलंच नव्हतं. तो आफ्रिकेत आहे असंच तिला माहीत होतं. तो मेला तेव्हा चळवळीत आपसांतच भांडणं चालली होती. ना मिरवणूक, ना पोस्टर. कुठेतरी दूर पुरून टाकलं. काकूला ते कसं सांगायचं? मग छोट्याने पत्रं लिहायला घेतली. मोठ्याच्या अक्षरात, मोठ्याच्या नावाने. ग्लासगोत लिहायची, आफ्रिकेतल्या एका मित्राला पाठवायची, त्याने तिथून टपालात टाकायची. वीस वर्षं. काकू गेल्यावर तिच्याशेजारी घरच्यांनी मोठ्याच्या नावाचा दगड बसवला.

“मला का नाही सांगितलंस?” प्रोफेसरांनी विचारलं होतं.

“कारण तू छापलं असतंस. तू सगळं छापतोस.”

यावर प्रोफेसर हसले. वीस वर्षांनी मेहुण्याने पहिला टोला मारला आणि तो वर्मी बसला, असं ते मला मोठ्या अभिमानाने सांगत होते.

सातवं प्रकरण त्यांनी चार दिवसांत नव्याने लिहिलं. मित्राचे पाच महिने त्यात जसेच्या तसे आहेत, एक ओळ कमी केलेली नाही. म्होरक्याने जे केलं तेही आहे. फक्त ते ज्याचं त्याच्या नावावर आहे, वडिलांच्या नावासकट. सूची मी मुदतीच्या दोन दिवस आधी टपालात टाकली आणि घरी येऊन पेटी साबणाने धुतली.

जूनमध्ये ग्लासगोहून पाहुणा आला. मी सेनापती येणार अशा डोळ्यांनी बघत होते, आणि दारातून एक बुटका, टक्कल पडलेला, दोन हातांत शॉर्टब्रेड बिस्किटांचे दोन डबे धरलेला माणूस आत आला. वहिनी त्याच्या गळ्यात पडली तेव्हा डबेही मधे चेपले. प्रोफेसर मागे उभे होते. पाहुण्याने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला आणि म्हणाला, “ती डाव्या बाजूची दाढ अजून काढली नाहीस ना? बेरूतमध्ये सांगितलं होतं मी.”

जेवायला यजमान आणि मीही होतो. वहिनीचा मसूर-भात, वर तळलेला कुरकुरीत कांदा, आणि माझी कोथिंबीर वडी. जेवताना त्याने विचारलं, “मी कितवा होतो?”

“एक्केचाळीस.”

“कार्ड आहे अजून?”

होतं. मी जुनी कार्डं टाकत नाही. प्रोफेसरांच्या अक्षरातलं ते कार्ड मी पर्समधून काढून दिलं. मला वाटलं, फाडेल. त्याने ते उलटसुलट पाहिलं, मराठी रकान्यांचे अर्थ विचारले, ‘माहेर’वर खदखदून हसला आणि कार्ड खिशात घातलं. “माझ्या दवाखान्यात लावणार आहे,” म्हणाला. “पेशंट घाबरून तोंड नीट उघडतील.”

पुस्तक पानगळीच्या दिवसांत आलं. एक प्रत ग्लासगोला गेली. त्या शनिवारी सकाळी मी ताक घुसळत होते आणि फोन वाजला.

“मी सूची वाचतोय,” तो म्हणाला. हॅलो नाही, काही नाही. “पुढून मागे एकदा, मागून पुढे एकदा. माझा चुलतभाऊ आहे. काका आहेत. गाव आहे. मी नाही.”

“नाहीच आहात तुम्ही.”

“दातांचा डॉक्टर म्हणूनसुद्धा नाही?”

“कशालाही नाही.”

“कुठेच नाही!” तो ओरडला. “एकशे बारा माणसं, आणि त्यांत मी कुठेच नाही!” मग मला सोडून त्याच्या घरात कोणाला तरी तो हेच अरबीत ओरडून सांगू लागला, आणि फोन तसाच उघडा राहिला. माझ्याकडे भिंतीच्या पलीकडून वहिनीचा आवाज यायला लागला. तिच्या हातात बहुतेक दुसरी प्रत असावी. ती पानं उलटत होती आणि नाही, नाही, नाही म्हणत होती, इतक्या आनंदाने की यजमान वरून खाली आले आणि कोणाची लॉटरी लागली का विचारायला लागले.